चित्रकला न येणाऱ्या मुलीचा स्टोरीबोर्ड

आमची विद्यार्थी फिल्म जानेवारीत एकदाची जमा झाली. आठ मिनिटांची, नाव 'नंबर'. स्टोरीबोर्ड म्हणजे फिल्मचा एकेक शॉट चौकटीत काढून दाखवणारी पानं. आमच्या कॉलेजात सही झालेला स्टोरीबोर्ड दाखवल्याशिवाय इक्विपमेंट रूममधून कॅमेरा मिळत नाही. त्यामुळे जुलै उजाडला की ज्युनिअर मुलांचे मेसेज सुरू होतात, "ताई, मला साधा माणूसही काढता येत नाही, काय करू?" मलाही येत नाही. चौथीत स्केलेटन काढायला सांगितलं होतं, त्यानंतर मी चित्राच्या वाटेला गेले नव्हते. तरी बोर्ड झाला, आणि तो कसा झाला ते तारखांसकट लिहिते आहे.

आधी गोष्ट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. दहा वर्षांची नात आणि तिची आजी. आजी आज एसटीनं काकाकडे कायमची राहायला निघाली आहे. बरोबर न्यायला शाळूचं पीठ हवं म्हणून नातीला डबा घेऊन गिरणीत पाठवतात. पीठ वेळेत झालं नाही तर गाडी चुकेल हे पोरीच्या लक्षात येतं, आणि ती आपला नंबर मुद्दाम घालवते. शेवट सांगत नाही.

जुलै २०२४ मध्ये पटकथा लिहून झाली. सात पानं. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा ढोबळ हिशोब, त्यात आम्ही बसत होतो. मार्गदर्शक मॅडमनी पटकथा वाचली आणि एकाच वाक्याखाली रेघ मारली: "ती मुद्दाम मागे राहते." त्यांचा प्रश्न होता, पडद्यावर नेमकं काय दिसतं? कोण कुठे उभं आहे, हात कुठे आहेत, तिचा डबा कुठे आहे? "हे कागदावर चौकटीत दाखव, मग पुढचं बोलू."

ऑगस्टचा पहिला आठवडा मी सॉफ्टवेअर शोधण्यात घालवला. स्टोरीबोर्डर नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, ते उतरवून घेतलं. चांगलं आहे, पण माउसनं रेघ ओढताना माझा सगळा जीव रेघेतच जायचा आणि शॉटचा विचार राहून जायचा. शेवटी साध्या ए-फोर कागदावर आले. फिल्म १६:९ मध्ये असेल तर चौकट ८ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच आखा. एका पानावर दोन उभ्या रांगांत सहा चौकटी बसतात आणि प्रत्येकीखाली तीन ओळी लिहायला जागा उरते. पहिल्या ओळीत शॉट नंबर आणि आकार (लाँग म्हणजे लांबून, मिड म्हणजे मध्यम, क्लोज म्हणजे जवळून), दुसरीत काय घडतं, तिसरीत आवाज. आवाजाची ओळ बहुतेक जण सोडतात. गिरणीसारख्या जागी ती सोडून चालत नाही, कारण तिथे एक अक्षर ऐकू येत नाही आणि संवाद कुठे टाळायचे हे कागदावरच ठरवावं लागतं.

माणूस काढण्याचा प्रश्न असा सोडवला. डोक्याला गोल, त्या गोलाला एक छोटं नाक. बस. नाक ज्या बाजूला, त्या बाजूला ते पात्र बघतंय. आजीला अंबाडा, पोरीला दोन वेण्या, गिरणीवाल्याला टोपी. डोळे, ओठ, भाव काही नाही. भावाचं काम नटांचं. पात्र हलत असेल तर बाण चौकटीच्या आत, कॅमेरा हलत असेल तर बाण चौकटीच्या बाहेर. एवढ्या व्याकरणात माझी सगळी फिल्म मावली.

पहिला पूर्ण मसुदा मी कागदावर न करता चौकोनी चिकट चिठ्ठ्यांवर केला. एका चिठ्ठीवर एक शॉट. हॉस्टेलच्या कपाटाच्या दारावर त्या ओळीनं लावल्या. क्रम बदलायचा तर चिठ्ठी उचलायची आणि दुसरीकडे चिकटवायची, खोडाखोड नाही. रूममेट येता-जाता विचारायची, "हा माणूस अचानक दाराबाहेर कसा गेला?" मला समजावून सांगावं लागलं, तर तिथे एक चिठ्ठी कमी आहे असं समजायचं, हा आमचा नियमच झाला. पावसाळ्यात चिठ्ठ्या दमट होऊन गळतात, तेव्हा रोज रात्री फोनवर एक फोटो काढून ठेवा.

७ सप्टेंबरला गणपती बसले. मी घरी कोल्हापूरला आले ते पानं घेऊनच. आमच्या गल्लीतली गिरणी मी लहानपणापासून बघते आहे, चित्रीकरणही तिथेच करायचं होतं. तात्यांनी, म्हणजे गिरणीच्या मालकांनी, जागा द्यायला आधीच होकार दिला होता. पटकथा झाल्यावर मी ती त्यांना वाचून दाखवली होती. तेव्हा ते ऐकून "चांगलंय" म्हणाले होते आणि चहा मागवला होता. आता चौकटी दाखवल्या तर त्यांनी चष्मा लावला आणि भांडायलाच लागले.

"ही पोरगी व्हय? मग हितं कशी उभारली? हितनं पट्टा जातोय. हितं मी माझ्या पोराला उभारू देत न्हाई."

मग पुढचं पान. "आन ही रांग कुणाची काढलीस? गिरणीत माणसं कुठं रांगेत उभारत्यात? डबं असत्यात रांगेत. माणसं डबा ठेवत्यात आन बाजाराला जात्यात."

आणि मग ते बोलले, ज्यानं फिल्म बदलली. "पोरीनं शाळू आणलाय न्हवं? मग नंबर काय नुसता रांगेनं लागतोय? शाळवावर शाळू, गव्हावर गहू. गव्हाचं सुरू झालं की शाळूवाल्यानं बसायचं गप."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. आईनं शंभर वेळा "गव्हावर दळून आण" असं बजावून मला पाठवलं आहे. दगडांमध्ये आधीच्या दळणाचं थोडं पीठ राहतं, ते पुढच्या डब्यात मिसळतं, म्हणून गिरणीवाला एका जातीचं धान्य एकापाठोपाठ घेतो. पण लिहिताना मी शहाण्यासारखी बँकेतली रांग लिहिली होती. माझ्या मसुद्यात पोरगी पाच जणांना "तुम्ही जा पुढं" म्हणत होती. दीड पानभर चौकटी आणि प्रत्येकीत तेच. आता तिला एकदाच काहीतरी करायचं होतं: शाळूचे डबे संपत आलेत, आपला शेवटचा आहे, तात्यांची पाठ वळली आहे, ती पायानं आपला डबा गव्हाच्या डब्यांमागे सरकवते. चक्कीवर गहू पडतो आणि खेळ तिथेच संपतो. पाच चौकटी लागल्या. मॅडमनी रेघ मारलेलं वाक्य आता दिसत होतं, आणि ते एका पायाच्या क्लोजमध्ये दिसत होतं.

स्टोरीबोर्ड कॅमेरामनसाठी असतो असं आम्हाला शिकवलं होतं. माझा बोर्ड सर्वांत जास्त उपयोगी पडला तो सिनेमाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांशी बोलायला. पटकथेवर तात्या काय बोलणार? ती माझी भाषा. पण जागेचं चित्र चुकीचं दिसलं की त्यांच्यातला तीस वर्षं चक्की चालवणारा माणूस जागा झाला. आणि माझं मत असं झालंय की चित्र ओबडधोबड असलेलं बरं. माझ्या एका वर्गमित्रानं एआयकडून चौकटी करून घेतल्या होत्या. सुरेख, उन्हाची तिरीप, उडणारं पीठ, सगळं. त्याच मी तात्यांना दाखवल्या तर ते म्हणाले, "झ्याक हाय." दुरुस्ती एकही नाही. त्या चित्रातल्या गिरणीला दोन दारं आणि एक मोठी खिडकी होती. आमच्या गिरणीला एक दार आहे.

खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचं स्मारक दिसतं. कोल्हापूरच्या माणसाला ते इतकं सवयीचं आहे की आपण थांबत नाही. या खेपेला थांबले. ज्यांच्या कॅमेऱ्याचं हे स्मारक, ते मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले, स्वतःचा कॅमेरा घडवला, आणि चित्रीकरणाआधी पात्रांची, पोशाखांची रेखाटनं करायचे. आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत होती आणि मी ती इंग्रजी व्हिडिओ बघून शिकत होते, याची गंमत वाटली. (त्यांना चित्र येत होतं, हा फरक आहेच.)

गणपती विसर्जनाच्या आधी टेप घेऊन गिरणी मोजली. आत साधारण दहा फूट बाय बारा फूट, त्यात चक्की, मोटर, पट्टा, डब्यांची फळी. घरी बसून मी झोकात 'लाँग शॉट, पूर्ण गिरणी' असं लिहिलं होतं. कॉलेजच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, एपीएस-सी आकाराचा. त्यावर ५० एमएम लेन्स लावली तर दहा फुटांवरून जेमतेम पावणेपाच फूट रुंदीचं चित्र मिळतं, आणि उंची तीन फुटांपेक्षाही कमी. म्हणजे पोरगी उभीसुद्धा मावत नाही. २४ एमएमला तेवढ्याच अंतरावरून पावणेदहा फूट रुंदी मिळते. गणित सोपं आहे: सेन्सरची रुंदी (आमच्याकडे साडेतेवीस मिलिमीटर) भागिले लेन्सचा एमएम आकडा, गुणिले अंतर. प्रत्येक चौकटीखाली हे एकदा करून बघा. माझ्या पानांवरचे चार शॉट या गणितातच गळाले. दोन दाराबाहेरून घ्यायचे ठरले, एकासाठी २४ एमएम भाड्यानं आणायची ठरली, चौथ्याची गरजच नव्हती.

त्याच वेळी गिरणीचा वरून दिसणारा नकाशा काढला आणि त्यात कॅमेऱ्याच्या जागा इंग्रजी व्हीसारख्या खुणेनं दाखवल्या. आमच्या फिल्ममध्ये दिशा फार महत्त्वाची होती. डबे दाराकडून चक्कीकडे, म्हणजे पडद्यावर डावीकडून उजवीकडे सरकतात. पोरगी डबा मागे नेते म्हणजे डावीकडे नेते. कॅमेरा डब्यांच्या रांगेच्या पलीकडे गेला की हे उलटं होणार, आणि तिनं डबा मागे नेला तरी पुढे नेल्यासारखं दिसणार. १८० अंशांचा नियम (कॅमेरा एका काल्पनिक रेघेच्या एकाच बाजूला ठेवायचा) वर्गात ऐकताना मला तो परीक्षेपुरता वाटला होता. इथे तो मोडला तर गोष्टच कळणार नव्हती. नकाशात रांगेवरून लाल रेघ मारली आणि सगळे व्ही एका बाजूला ठेवले. एक व्ही पलीकडे होता, तो क्लोज मला खूप आवडायचा. काढला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात अॅनिमॅटिक केलं, म्हणजे चौकटींचाच कच्चा व्हिडिओ. चौकटींचे फोनवर फोटो काढले, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत ओळीनं लावले, खाली गिरणीचा फोनवर घेतलेला आवाज टाकला. प्रत्येक चौकट किती सेकंद ठेवायची हे अंदाजानं ठरवू नका. स्वतः ती क्रिया करा आणि घड्याळ लावा. पाच किलोचा डबा पायानं सरकवायला किती वेळ लागतो ते मी हॉस्टेलच्या व्हरांड्यात बघितलं, लोक बघत होते, इलाज नाही. एवढं करून लांबी निघाली अकरा मिनिटांच्या वर. कॉलेजची मर्यादा आठ.

चरबी कुठे आहे ते बघता क्षणी कळलं. सुरुवातीचा घरातला प्रसंग: चहा, बॅग भरणं, आईची धांदल. मी प्रेमानं लिहिलेला भाग तोच. त्यातली एकच चौकट ठेवली, सुपात शाळू निवडणारे आजीचे हात. घर हे लोकेशनच रद्द झालं. त्याबरोबर अर्धा दिवस, दोन लाइट आणि शेजाऱ्यांची मनधरणीही रद्द झाली.

आता कागदपत्रं. हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच मुलं अडकतात.

मुलगी शेजारच्यांची, पाचवीतली. मॅडमचा आग्रह होता की विद्यार्थी फिल्म असली तरी बालकलाकाराचे नियम पाळायचेच. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, 'नमुना सी'मध्ये हमीपत्र द्यावं लागतं, आणि दिवसात पाच तासांहून जास्त किंवा विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त काम घेता येत नाही. पालकांची संमती, शाळेचं नुकसान होणार नाही याची व्यवस्था, सेटवर जबाबदार व्यक्ती कोण, हे सगळं लिहून द्यायचं. पाच तासांचा हिशोब मांडायला बोर्डच कामी आला. जिथे मुलीचा चेहरा दिसतो त्या चौकटीवर केशरी टिकली, जिथे फक्त पाय, हात किंवा डबा दिसतो तिथे हिरवी, जिथे ती नाहीच तिथे निळी. केशरी मोजल्या आणि वेळापत्रक त्यांच्याभोवती बांधलं. अर्जासोबत तेच वेळापत्रक जोडलं.

दुसरी परवानगी स्टॅण्डची. शेवटचा प्रसंग एका छोट्या गावच्या एसटी स्टॅण्डवर होता. कॉलेजच्या लेटरहेडवर 'शैक्षणिक व अव्यावसायिक' असं स्पष्ट लिहून घ्या, माणसं किती, सामान काय, वेळ कोणती हे टाका, आणि प्रती तीन करा. स्थानिक पोलीस ठाण्याला कळवण्याचं पत्रही त्याच वेळी तयार ठेवा. अर्ज दिला तेव्हा समोरच्या बाबूंनी विचारलं, "नक्की काय काढणार?" मी स्टॅण्डच्या चार चौकटींची झेरॉक्स पुढे केली. त्यांनी ती बराच वेळ पाहिली. शंका एकच निघाली, गाडी आमच्यासाठी थांबवावी लागेल का? चौकटीत गाडी उभी होती, बाण नव्हता. मी तिथल्या तिथे पेनानं बाण काढला आणि खाली लिहिलं, "गाडी वेळापत्रकानुसार जाईल." झेरॉक्स अर्जाला टाचली गेली.

आणि मग १५ ऑक्टोबरला विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. कुठेही गेलं की एकच उत्तर, मतदान होऊ द्या. माणसंच निवडणुकीच्या कामाला गेलेली, त्यांना तरी काय म्हणणार. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. मध्ये दिवाळी, त्यामुळे गिरणीत भाजणी आणि बेसनाची एवढी गर्दी की तात्या ओळखही देईनात. या काळात चिडचीड खूप झाली. टीममधला एक जण दुसऱ्या फिल्मकडे गेला. एका ठिकाणी आमचा अर्ज सापडेना, तेव्हा आवक क्रमांक आणि शिक्का असलेली आमची प्रत होती म्हणून वाचलो. अर्ज देताना पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका, समोरचा माणूस कितीही ओळखीचा वाटला तरी.

नोव्हेंबरअखेर दोन्ही कागद हातात आले. स्टॅण्डची परवानगी सकाळी सात ते नऊ, फलाटावर ट्रायपॉड लावायचा नाही या अटीवर. कथेतली गाडी दुपारची होती, ती सकाळची झाली. ट्रायपॉडच्या चौकटी पुन्हा काढल्या, कॅमेरा बाकावर बसलेल्या माणसाच्या उंचीवर, हातात. खरं सांगायचं तर त्या आधीपेक्षा बऱ्या झाल्या. गिरणी दुपारी एक ते चार बंद असते, तेव्हाच जागा मिळणार होती, पण कथेत तीही आता सकाळ. नकाशा पाहिला तर दार फक्त दोन चौकटींत दिसत होतं. त्या दोन बदलल्या, बाकी सगळं ट्यूबलाइटच्या उजेडात.

८ डिसेंबर, रविवार. सकाळी सात ते नऊ स्टॅण्ड, मग मुलगी घरी जाऊन जेवली, झोपली, दुपारी एक ते चार गिरणी. तिचे पाच तास तिथे संपले. सोमवारी गिरणीला सुट्टी आणि तिला शाळा. हिरव्या आणि निळ्या टिकल्यांचे शॉट त्या दिवशी. हिरव्या चौकटींत तिच्या मापाचे पाय हवे होते, तिथे माझ्या मामेबहिणीचे पाय आहेत. कुणाला ओळखू आलेले नाहीत.

बोर्डाची पानं प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून भिंतीला लावली होती, शॉट झाला की वर स्केचपेननं फुली. पिठात कागद दहा मिनिटांत पांढरा होतो, कव्हर असेल तर हात फिरवला की झालं. कॅमेऱ्याला पिशवी गुंडाळा, लेन्सवर फिल्टर ठेवा आणि लेन्स बदलायची ती गिरणीबाहेर जाऊनच. चक्की सुरू असतानाचे शॉट तात्यांनी स्वतः उभं राहून घेऊ दिले, पट्ट्याच्या बाजूला दोरी बांधून.

बोर्डात नसलेली एक गोष्ट घडली. डबा सरकवून झाल्यावर मुलगी त्या डब्यावरच जाऊन बसली, दोन्ही हात मांडीखाली घालून. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बोर्डात तिथे तीन चौकटी होत्या, चेहरा, घड्याळ, पुन्हा चेहरा. घड्याळ घेतलंच नाही.

खर्च: कागद, चिठ्ठ्या, पेनं, झेरॉक्स मिळून साडेतीनशे रुपये. २४ एमएम लेन्स दोन दिवसांना १,६००, आवाजाचा रेकॉर्डर १,०००. चहा, पोहे, दोन दिवसांचं जेवण २,२००. प्रवासाचे ज्याचे त्यानं. तात्यांनी भाडं घेतलं नाही, विजेचे म्हणून ५०० रुपये त्यांच्या पत्नीच्या हातात दिले. मुलीला मानधन नव्हतं, तिनं मागितलेला बॅडमिंटनचा सेट घेऊन दिला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बोर्ड मागितला आणि फिल्मशी पान-पान ताडून पाहिला. खाडाखोड असलेली, तात्यांनी पेन्सिलनं पट्टा काढून दाखवलेली प्रत मी दिली होती. पक्की प्रत मागतील म्हणून तीही नेली होती, ती पिशवीतच राहिली. तेव्हा मधली पानं टाकू नका, प्रत्येकावर तारीख घाला.

सहा चौकटींचा कोरा कागद बरेच जण मागतात. पट्टीनं आखायला दहा मिनिटं लागतात, स्वतःच आखा. फक्त डावीकडे तीन सेंटिमीटर जागा सोडा, नाहीतर फाइलसाठी भोकं पाडताना पहिल्या रांगेतल्या सगळ्यांची नाकं जातात.